प्वारो म्हणजे होम्सची नक्कल?

कोणीतरी लिहिलंय की अगाथा ख्रिस्तीचा गुप्तहेर प्वारो म्हणजे शेरलॉक होम्सचीच नक्कल, फक्त मिश्या चिकटवलेली. सुरुवातीपुरतं खरंय हो, प्वारोचा मित्र हेस्टिंग्ज म्हणजे सरळसरळ होम्सचा साथीदार वॉटसनच आणि पोलिस इन्स्पेक्टर जॅप म्हणजे होम्सच्या गोष्टींतला इन्स्पेक्टर लेस्ट्रेड, पण माणूस म्हणून दोघं अगदी वेगळे. होम्स जमिनीवर आडवा पडून भिंग घेऊन राख तपासणार आणि प्वारोला बुटावर धूळ बसली तरी अस्वस्थ व्हायला होतं, नाश्त्याला दोन अंडी लहान-मोठी आली तरी याचा मूड गेला!

माझा आवडता सीन म्हणजे १९२६ च्या 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड' कादंबरीतली प्वारोची एन्ट्री. साहेब रिटायर होऊन खेड्यात भोपळे लावतायत, एक दिवस वैतागून सरळ भोपळाच कुंपणाच्या भिंतीवरून भिरकावतात आणि तो येऊन पडतो शेजारच्या डॉक्टरजवळ. होम्सनेही रिटायर होऊन मधमाश्याच पाळल्या की, पण त्याने पोळं फेकून मारल्याचं काही वाचलेलं नाही :)

आणि प्वारोच्या वयाचा घोळ तर विचारूच नका, १९२० च्या पहिल्याच कादंबरीत तो बेल्जियन पोलिसांतून रिटायर झालेला निर्वासित आहे आणि मरतो थेट १९७५ च्या कादंबरीत, म्हणजे शंभरी कधीच पार. तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सने चक्क पहिल्या पानावर मृत्यूची बातमी छापली होती.

बाकी मला विचाराल तर या दोघांपेक्षा ख्रिस्तीचीच म्हातारी गुप्तहेर मिस मार्पल भारी, हातात विणकाम आणि गावातल्या समस्त लोकांच्या भानगडी तोंडपाठ, असली एक आजी प्रत्येक चाळीत असते.