पोट्टी शाळेत जात नाई. हे रक्तातलं का घरच्यांचं? लवकर सांगा

पांदणवाला
मदत पाहिजे. पोरगी रोज सकाळी पोट दुखते म्हणते, रडते, दप्तर फेकते. माही आई म्हणते हा भित्रेपणा तिच्या आजोळचा, तिकडची आजीही अशीच होती. बायको म्हणते तुमच्या आईनं कडेवरून खाली उतरू नाई दिली म्हणून असं झालं. रोज दोघींचं वाजते. मले एवढंच सांगा, स्वभाव जन्मजात असते का घरचे बिघडवते? लांब भाषण नको, फवारणीले जायचं आहे.

रिकामी_फळी
वय काय? कितवीत? कधीपासून? रविवारी पोट दुखतं का? घरी बोलते तशी शाळेत बोलते का? हे सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार?

तूरकाडी
नजर आहे. मीठ-मिरची ओवाळून चुलीत टाका, ठसका नाई लागला तर समजा लागलीच होती.

पांदणवाला
7 वर्षं, दुसरी, जिल्हा परिषद शाळा. जूनच्या शेवटी शाळा उघडली तेव्हापासून. रविवारी नाई दुखत. घरी तर तोंड बंद होत नाई, पण बाईंशी शब्द नाई. पहिलीतही नव्हती बोलत, आम्ही म्हटलं लाजाळू आहे. आता सांगा, कोनाचं चुकते?

दवाखाना_बाकडं
कोणाचं चुकतं ते नंतर. रविवारी दुखत नाही म्हणजे नाटक आहे असं समजू नका. भीतीनं आतड्यांची हालचाल बदलते, पोट खरंच दुखतं. पण आपल्या भागात थेट 'भीती आहे' म्हणणंही बरोबर नाही. आधी सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) तपासा. बोटातून थेंबभर रक्त घेऊन सोल्युबिलिटी चाचणी होते, प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार ठरला असं नाही, वाहक की रुग्ण हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या पुढच्या रक्तचाचण्यांवर कळतं. सिकलसेलमध्ये पोट आणि हातपाय दुखतात, पण ते दुखणं रविवार बघत नाही.

दुसरं, लघवी. जे मूल बाईंना 'लघवीला जाऊ का' विचारत नाही ते दिवसभर दाबून ठेवतं, पाणीही कमी पितं. त्यातून जंतुसंसर्ग आणि बद्धकोष्ठ, आणि मग पोटदुखीला खरं कारण मिळतं. लघवीची साधी तपासणी करा, शौच रोज होते का ते बघा. रात्री दुखण्यानं जाग येणं, वजन उतरणं, शौचात रक्त, ताप, वारंवार उलटी, यातलं काही असेल तर हा धागा सोडा आणि आधी डॉक्टर गाठा.

अमरावती_समुपदेशन
आता मूळ प्रश्न. 'हो का नाई' असं उत्तर याला नाहीच. जुळ्यांच्या अभ्यासांवरून चिंतेच्या विकारांत आनुवंशिकतेचा वाटा साधारण 30 ते 40 टक्के धरतात. आणि रक्तातून उतरतं ती चिंता नसते, बिचकण्याचा स्वभाव असतो. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांनी 4 महिन्यांच्या बाळांसमोर हलती खेळणी धरली, अनोळखी आवाज ऐकवले, नाकाशी अल्कोहोलचा बोळा नेला. सुमारे 20 टक्के बाळं हातपाय झाडून रडली. पुढे नव्या माणसापुढे, नव्या जागी दबून राहणारी मुलं यांच्यातच जास्त निघाली. पण त्यातल्या बहुतेकांना विकार झाला नाही, हे आजीबाईंना जरूर वाचून दाखवा.

उरलेला भाग घर, शाळा, प्रसंग असा मिळून. घरात दोन गोष्टी जास्त वजनदार. मोठे स्वतः किती घाबरलेले दिसतात ही एक. मूल घाबरलं की त्याची किती सोय लावली जाते ही दुसरी. तुमच्याकडे दुसरीचा वास येतोय. आजी नेमकं काय करते?

तूरकाडी
म्हणजे नजर नाईच म्हणता.

अमरावती_समुपदेशन
ओवाळा हो, मिरचीनं मुलीचं काही बिघडत नाही. बिघडतं ते तिच्यासमोर 'कोणाची लागली, कोण कसं पाहत होतं' या चर्चेनं. दीड वर्षांच्या मुलांना रबरी साप दाखवून आईला घाबरलेला चेहरा करायला सांगितला, तर मुलांनी नंतर तो साप टाळला. एवढ्या वयात चेहरा वाचतात, सात वर्षांची तर शब्दही वाचते.

बिनबोभाट
एवढं काय खेळवत बसता. नवोदयात टाका नाहीतर वसतिगृहात. चार दिवस रडते, मग सरळ होते.

रिकामी_फळी
नवोदय सहावीपासून आहे, ही दुसरीत आहे. आणि विहिरीत ढकलून पोहायला शिकवायचं हे पाण्याला जमेल, मौनाला नाही. मुलाच्या हातात काहीच नसेल तर ते भीती झेलायला शिकत नाही, गप्प बसायला शिकतं, आणि आपण म्हणतो 'सरळ झालं'.

घरी घडाघडा आणि शाळेत एक शब्द नाही, हे महिनाभराहून जास्त टिकलं (शाळेचा पहिला महिना सोडून) तर त्याला सिलेक्टिव्ह म्युटिझम म्हणतात. 2013 पासून तो चिंतेच्या विकारांत धरतात. हट्ट नव्हे तो. तुमच्याकडे वर्ष झालं.

पांदणवाला
लघवीची तपासणी केली, संसर्ग निघाला, गोळ्या चालू आहे. सिकलसेल निगेटिव्ह. एक सांगायचं राहिलं. माही आई रोज तिच्यासंगं शाळेत जाते अन् वर्गाच्या दारात बसते. सुट्टीपर्यंत. लघवीले तीच नेते. नाई गेली तर पोट्टी पाय टाकत नाई. पाहुणे आले तरी आईच तिच्याकडून बोलते. हे नॉर्मल आहे ना?

अमरावती_समुपदेशन
हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं भाऊ! सगळा धागा याच दारात बसलाय.

याला कौटुंबिक सोय म्हणतात. आजी दारात बसली की भीती त्या क्षणी उतरते, म्हणून आजीला पटतं आपलं बरोबर. मुलगी मात्र शिकते की आजी होती म्हणून वाचले. उद्या पुन्हा आजी लागते, परवा अजून जवळ लागते. आणि हे उलट्या बाजूनंही चालतं. बिचकणारं मूल असली सोय ओढून घेतं, धीट मुलाच्या दारात कुठली आजी दोन महिने बसत नाही. म्हणून सासू आणि सून दोघीही अर्ध्या बरोबर आहेत.

येल विद्यापीठात यावरच उपचार बसवलेत, त्यात मुलाला बोलवतच नाहीत, फक्त पालकांना शिकवतात. 2020 मध्ये 124 मुलांवरचा अभ्यास आला. मुलाशी थेट केलेल्या वर्तन-विचार उपचाराइतकाच (बोलून, सराव करून विचार आणि वागणं बदलायचा उपचार) उपयोग दिसला.

मुरमाड
सोपं सांगतो. हलक्या जमिनीत पीक येत नाई असं नसते, भारी जमिनीचं वेळापत्रक लावलं की येत नाई. पाणी थोडं अन् जास्त वेळा द्या लागते.

कोरडवाहू
हलक्या जमिनीवरून आठवलं, सोयाबीनमध्ये तूर किती ओळींनी घ्यावी?

मुरमाड
4:2. चार ओळी सोयाबीन, दोन तूर.

रिकामी_फळी
शेतीचा धागा वेगळा आहे. आजीची खुर्ची हलवायचा क्रम लिहिते. दारात, मग व्हरांड्याच्या टोकाला, मग शाळेच्या फाटकाशी, मग फाटकापर्यंत सोडून घरी. प्रत्येक जागी लागोपाठ 3 दिवस शांत गेले की पुढची जागा. आदल्या संध्याकाळी सांगायचं, सकाळी दारात नाही. आजी मध्येच न सांगता सटकली तर सगळं मुसळ केरात, मुलगी मग डोळा काढणार नाही तिच्यावरून.

सोडताना वाक्य एकच, दोन्ही अर्ध्यांसकट : 'तुला भीती वाटते हे मला कळतं, आणि तू निभावशील याचा मला भरवसा आहे.' नुसतं पहिलं म्हटलं तर भीती मोठी होते, नुसतं दुसरं म्हटलं तर तिला वाटतं आपलं ऐकलंच नाही. एकदाच म्हणायचं. पंधरा वेळा समजूत काढणं हीसुद्धा सोयच. पहिले काही दिवस रडणं वाढेल. तिथं कच खाऊन आजी परत दारात आली तर मुलगी शिकते की जास्त रडलं की मिळतं, आणि पुढच्या खेपेला तेवढ्यापासूनच सुरुवात करते.

बिनबोभाट
अन् लघवीचं? आजी नाई तर पुन्हा संसर्ग.

दवाखाना_बाकडं
बाईंकडे पुठ्ठ्याचं कार्ड ठेवा. मुलीनं उचलून दाखवलं की जाऊ द्यायचं. शिवाय मधल्या सुट्टीआधी बाईंनी सगळ्याच मुलींना पाठवायचं.

रिकामी_फळी
कार्ड म्हणजे पुन्हा सोयच झाली. बोलायची गरजच संपली.

दवाखाना_बाकडं
संसर्ग अंगावर असताना तत्त्व पाळत बसायचं का? मूत्रपिंड आधी. बोलायला लागली की कार्ड काढा.

अमरावती_समुपदेशन
कार्ड द्या, पण ते काढायची पायरी आजच ठरवा. कार्ड, मग कार्ड आणि बाईंच्या कानात 'लघवी' एवढा शब्द, मग नुसता शब्द.

बोलण्यासाठी वेगळं काम. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात आई आणि मुलगी 15 मिनिटं पत्ते किंवा चित्रं खेळतील. आवाज मोकळा झाला की बाई आत येऊन लांब वह्या तपासत बसतील, मुलीकडे न बघता. रोज थोडं जवळ. मग बाईंनी विचारायचं 'लाल की पिवळा?' आणि मनात 5 पर्यंत मोजायचं. 'लाल हवा का?' असं विचारायचं नाही, मान हलवून सुटका होते. ती बोलली तर टाळ्या नकोत, 'बोलली गं बाई' तर मुळीच नको. 'बरं, लाल घे' म्हणून खेळ पुढे. मग आई मागे सरकते.

घरी पाहुण्यांसमोरही तेच. तिच्याकडून उत्तर द्यायचं नाही आणि 'नमस्ते म्हण, म्हण ना' असा रेटाही लावायचा नाही.

पांदणवाला
आईले कसं सांगू? ती म्हणते माझ्यावर खापर फोडता. अन् गोळी नाई का याची?

दवाखाना_बाकडं
ब्राह्मी-अश्वगंधा सुचवायला कोणी येण्याआधी सांगतो, स्वतःच्या मनानं काहीच देऊ नका. 7 ते 17 वयाच्या 488 मुलांचा 2008 चा अभ्यास आहे. नुसत्या वर्तन-विचार उपचारानं सुमारे 60 टक्के सुधारली, सर्ट्रालीन या गोळीनं 55, दोन्ही मिळून 81, खोट्या गोळीनं 24. म्हणजे औषध कामाचं आहे, पण त्याची पायरी पुढची, आणि ते मनोविकारतज्ज्ञच ठरवतील. जिल्हा रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य विभागात दाखवा. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांच्याकडून संदर्भपत्र घ्या. तोवर टेलिमानस (सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन), 14416, मराठीत बोलतात, फोन फुकट.

अमरावती_समुपदेशन
आजीला दोष देऊ नका, काम द्या. खुर्ची कधी सरकवायची हे तिनंच ठरवावं, कॅलेंडरवर खूण तिनंच करावी. मुलीचा विश्वास तिच्यावर आहे, सुनेनं ओढलेल्या खुर्चीला ती दाद देणार नाही.

आणि तान्हा पोळा (लहान मुलांचा पोळा) येतोय, तो सरावाला घ्या. लाकडी नंदी घेऊन आधी ओळखीची 3 घरं. पहिल्या घरी नुसतं उभं राहायचं, दुसऱ्या घरी नंदी तिनं पुढे करायचा, तिसऱ्या घरी 'बोजारा' (नंदी आणणाऱ्या मुलांना देतात ते पैसे-खाऊ) एवढा एकच शब्द. त्या तिन्ही घरांना आधी जाऊन सांगून या : घाई करू नका, शब्द आला नाही तरी बोजारा द्या, फक्त 5 मोजून.

पांदणवाला
आई व्हरांड्यापर्यंत सरकाले तयार झाली. म्हणते खुर्ची नको, बोरा टाकते, खुर्चीवर कंबर दुखते. चालते ना?

रिकामी_फळी
चालतं. बोऱ्यावर आजीनं दाराकडे पाठ करून बसावं.