विषय: भाच्याला पीएचडीतून काढल्याचं पत्र, अपिलात काय लिहावं?

प्रेषक: नाना, भुसावळ

मंडळी, नमस्कार.

अमेरिकेतून भुसावळला परत येऊन स्थिरावलो तरी आपल्या या ईमेल लिस्टवरचं नाव काढलं नव्हतं, आज त्याचा उपयोग होतोय.

भाचा अमेरिकेत मिडवेस्टातल्या एका सरकारी विद्यापीठात पीएचडी करतो. क्वालिफाइंग परीक्षेत (पीएचडीत पुढे जायला पास व्हावी लागते ती) दुसऱ्यांदा नापास झाला म्हणून प्रोग्रॅममधून काढल्याचं पत्र डिपार्टमेंटने दिलंय. अपिलाला कामाचे दहा दिवस. त्यातले काही त्याने खोलीचं दार लावून घालवले, घरी फोनसुद्धा नाही.

मेव्हण्यांची यावलला केळी. आधीच्या एमएसच्या कर्जाला त्यातलंच रान तारण आहे, त्यामुळे घरात सुतकी वातावरण. मेव्हण्यांचं म्हणणं, आपल्याकडे जळगावला विद्यापीठात करतात तसं करावं: उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवायची, पुनर्मूल्यांकन लावायचं. आमदारांचं पत्रही आणतो म्हणतात. पोराने अपील लिहिलंय ते चार पानी. घरची परिस्थिती, कर्ज, आईचं बीपी, 'एक संधी द्या'. वाचून माझ्या पोटात कालवलं, पण समितीच्या कालवेल का?

हो, एक राहिलंच. त्याचे गाईड हिवाळ्यात दुसऱ्या विद्यापीठात निघून गेले. नवा गाईड मिळाला तो सेमिस्टर संपत आल्यावर. आणि पहिल्यांदा नापास झाल्यावर काय कमी पडलं ते लेखी द्यायचं असतं, असं हँडबुकात आहे म्हणे. याला कुणी काही दिलं नाही.

— नाना

प्रेषक: तात्या, ह्यूस्टन

नाना, मसुदे कसले करता? चांगला वकील गाठा आणि खेचा कोर्टात. इथे नोटीस गेली की भल्याभल्यांची तंतरते.

प्रेषक: माई, ओहायो

नाना, तुम्ही 'एक राहिलंच' म्हणून जे शेवटी लिहिलंत, तेच पोराचं अपील. बाकीची चार पानं बाजूला ठेवा.

मी इथे शिकवते, डिपार्टमेंटच्या अपील समितीवर बसलेय. अमळनेरच्या घरातून आलेय, त्यामुळे तारण ठेवलेलं रान म्हणजे काय ते मला कुणी समजावायला नको. पण समितीपुढे प्रश्न एवढाच असतो की विद्यापीठ स्वतःच्या नियमाप्रमाणे वागलं का, आणि निर्णय मनमानीने, आकसाने किंवा भेदभावाने झाला का. 'मला जास्त मार्क मिळायला हवे होते' हा मुद्दा बहुतेक ठिकाणी ऐकूनच घेत नाहीत. मेव्हण्यांना सांगा, हे पुनर्मूल्यांकन नव्हे. आमदारांच्या पत्राचं तर इथे कुणाला काही कळणारही नाही, उलट फायलीत विचित्र दिसेल.

तात्या, कोर्टाचं म्हणाल तर १९७८ चा हॉरोविट्झ खटला बघा. मिसूरीच्या मेडिकल विद्यार्थिनीला काढलं होतं. सुप्रीम कोर्ट म्हणालं, अभ्यासातल्या कमतरतेवरून काढायचं असेल तर रीतसर सुनावणी द्यायलाच हवी असं नाही; तिला आधी समज दिली होती आणि निर्णय विचार करून घेतला होता, तेवढं पुरे. शिस्तभंगाचं प्रकरण वेगळं, तिथे विद्यार्थ्याला जास्त संरक्षण आहे. मग १९८५ चा युइंग खटला. मिशिगनच्या त्या विद्यार्थ्याला परीक्षेत ३४५ हवे होते, मिळाले २३५. नापास झालेल्या इतरांना पुन्हा बसू दिलं होतं, याला नाही, तरी तो हरला. प्राध्यापकांनी आपलं शैक्षणिक डोकं वापरलंच नाही, इतका निर्णय रीत सोडून असेल तरच कोर्ट हात घालतं. वकिलाकडून मसुदा तपासून घ्यायला हरकत नाही, पण धमकीची नोटीस गेली की डिपार्टमेंटमधली माणसं बोलायची बंद होतात आणि सगळं विद्यापीठाच्या वकिलांकडे जातं. विद्यापीठाची मोफत विद्यार्थी-कायदा सेवा असते, पण ती सहसा स्वतःच्याच विद्यापीठाविरुद्ध उभी राहत नाही.

आता काम. पत्र एक-दीड पानाचं. पहिल्याच वाक्यात काय मागतोय ते: निर्णय रद्द करून तिसरी संधी, किंवा निदान प्रोबेशन, म्हणजे अटी घालून प्रोग्रॅममध्ये राहू देणं. मग हँडबुकचं कलम जसंच्या तसं, त्याखाली काय झालं नाही ते तारखेसकट. 'पहिल्या निकालानंतर लेखी अभिप्राय देणं बंधनकारक, मला मिळाला नाही.' 'अमुक महिन्यापासून तमुक महिन्यापर्यंत मला मार्गदर्शक नव्हता. मी या तारखांना ग्रॅज्युएट डायरेक्टरना ईमेल केले.' ते ईमेल सोबत जोडा. केले नसतील तर केले म्हणू नका. ज्यांनी पेपर तपासला त्यांच्याबद्दल एक वाकडा शब्द नको. शेवटी यावेळी काय वेगळं करणार ते: नवा गाईड कोण, कोणता विषय कुणाकडून तयार करून घेणार. नव्या गाईडचं दोन ओळींचं पत्र मिळालं तर सोनं.

फाईल बघण्याचा हक्क कायद्याने आहे. १९७४ चा फर्पा, विद्यार्थ्यांच्या रेकॉर्डबद्दलचा अमेरिकी कायदा. पण विद्यापीठाला त्यासाठी ४५ दिवस मिळतात आणि तुमच्याकडे दहासुद्धा उरले नाहीत. म्हणून मागणी आजच करा आणि अपिलात लिहा की रेकॉर्ड मागितलंय, आल्यावर पुरवणी जोडण्याची परवानगी असावी. ओम्बड्स ऑफिसला, म्हणजे विद्यापीठातल्या तटस्थ तक्रार-सल्ला कार्यालयाला, जरूर भेटू दे. ते निकाल देत नाहीत, बाजूही घेत नाहीत, पण कोणतं दार कुठे उघडतं ते त्यांना पाठ असतं.

आणि नाना, दार लावून बसलाय म्हणता, तर जवळपासच्या कुणाला त्याच्याकडे जाऊन येऊ द्या. खरंच तब्येत बिघडलेली असेल तर कौन्सेलिंग सेंटरला गेलंच पाहिजे. अपिलासाठी कागद मिळतो म्हणून नव्हे.

— माई

प्रेषक: भाऊ, न्यू जर्सी

माईंच्या पत्रात व्हिसा राहिला. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असेल तर अपिलाचं घड्याळ वेगळं आणि इमिग्रेशनचं वेगळं. अपील चालू आहे म्हणून स्टेटस (इथे राहण्याचा कायदेशीर दर्जा) आपोआप टिकत नाही. आजच इंटरनॅशनल ऑफिसच्या डीएसओला (परदेशी विद्यार्थ्यांचं व्हिसाचं काम बघणारा विद्यापीठाचा अधिकारी) भेटून लेखी विचारू दे: निकाल लागेपर्यंत सेव्हिस रेकॉर्ड (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंद) चालू ठेवणार का, आणि कुठल्या तारखेपर्यंत? आधी परवानगी घेऊन कोर्स सोडला तर देश सोडायला १५ दिवस मिळतात. स्टेटस मोडल्यामुळे रेकॉर्ड बंद झालं तर एकही दिवस नाही. रेकॉर्ड चालू असताना दुसऱ्या विद्यापीठात प्रवेश घेऊन ते तिकडे हलवता येतं. बंद पडल्यावर तोच मामला रीइन्स्टेटमेंटच्या, म्हणजे स्टेटस परत मिळवण्याच्या, अर्जावर जातो, कटकट आणि खर्च. म्हणून दुसरीकडे अर्ज समांतर टाकायचे. निकाल येईपर्यंत भारतात फेरी नको, आईने कितीही बोलावलं तरी.

टीएची (शिकवण्यातल्या मदतनीसाची) नोकरी असेल तर ती आणि त्यातून मिळणारा हेल्थ इन्शुरन्स कधी संपतो, तेही विचारून घ्या.

प्रेषक: नाना, भुसावळ

सगळ्यांचे आभार. पोरगा आज बोलला. लिस्टवरच्याच एकांच्या घरी रात्री जेवायला गेला होता, त्यांनाही नमस्कार. डीएसओची वेळ मिळाली आहे. ईमेल सापडले, तीन. त्यातल्या दोन ईमेलना उत्तरच नाही.

माई, शंका: तो म्हणतो वेबसाइटवरचं हँडबुक यंदा बदललंय, लेखी अभिप्रायाचं वाक्य नव्यात नाही. मग?

प्रेषक: माई, ओहायो

बहुतेक विद्यापीठांत प्रवेश घेतला त्या वर्षीचं हँडबुक लागू असतं, पण ते तिथल्या ग्रॅज्युएट स्कूलच्या नियमांत तपासून घ्या. जुनी पीडीएफ त्याच्याकडे नसेल तर डिपार्टमेंटच्या सेक्रेटरीकडे ईमेलने मागा, फोनवर नको. मिळाली की ते पान अपिलाला पहिलं जोडा आणि मसुदा मला रात्रीपर्यंत पाठवायला सांगा. उद्या सकाळी क्लास आहे, त्याआधी वाचून देते.