शब्दचर्चा : विमानाच्या रेडिओवरील ‘रॉजर’चा नेमका अर्थ

प्रश्न : माझी मुलगी बारामतीला लहान विमान चालवण्याचे प्रशिक्षण घेत असून सध्या रेडिओ संभाषणाच्या परीक्षेची तयारी करते आहे. तिच्या वहीत ‘रॉजर’, ‘विल्को’ आणि ‘अफर्म’ हे शब्द स्वतंत्रपणे दिले आहेत. आपण मात्र तिन्ही ठिकाणी ‘बरं’ म्हणून मोकळे होतो. यांत फरक काय आणि मराठीत काय म्हणावे?

उत्तर : ‘रॉजर’ म्हणजे ‘तुमचा शेवटचा निरोप पूर्ण मिळाला’, एवढेच. सरकारी कचेरीत आवक-जावकवाला अर्जाच्या प्रतीवर शिक्का मारून देतो, त्यावरून अर्ज मंजूर झाला असे कोणी मानत नाही; म्हणून ‘पोचले’ हा प्रतिशब्द मला चपखल वाटतो. बिनतारी संदेशात ‘मिळाले’ या अर्थी आर हे अक्षर पाठवत आणि रेडिओवर अक्षरे स्पष्ट सांगण्यासाठी ठरवलेल्या शब्दांच्या जुन्या वर्णमालेत त्याचा उच्चार ‘रॉजर’ असा होता. १९५६ पासूनच्या वर्णमालेत आर ‘रोमिओ’ झाला, तरी पोचपावती ‘रॉजर’च राहिली. ‘विल्को’ म्हणजे ‘समजले, तसे करतो’, आणि ‘अफर्म’ हा विचारलेल्या प्रश्नाला दिलेला होकार.

खरी गोम पुढे आहे. पुण्याच्या लोहगाव विमानतळावरील नियंत्रकाने ‘होल्ड शॉर्ट रनवे वन झीरो’, म्हणजे धावपट्टीच्या अलीकडेच थांबा, असे सांगितले, तर त्यावर ‘रॉजर’ किंवा ‘विल्को’ म्हणून भागत नाही. ‘होल्डिंग शॉर्ट रनवे वन झीरो’ असे म्हणून शेवटी स्वतःचे संकेतनाम जोडावे लागते, कारण वैमानिकाने चुकीचे ऐकले असेल तर ते नियंत्रकाला या पुनरुच्चारातूनच कळते. उंची, दिशा, दाबमापकाची जुळणी आणि ट्रान्सपाँडरचा (रडारला विमानाची ओळख कळवणाऱ्या यंत्राचा) क्रमांक यांनाही हाच नियम आहे. वाऱ्याची माहिती मात्र परत म्हणावी लागत नाही. तिथे ‘रॉजर’ शोभतो.

पुरवणी : २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावर दोन बोइंग ७४७ विमानांची धावपट्टीवर टक्कर होऊन ५८३ माणसे दगावली. त्या अपघाताची कारणे अनेक होती, परंतु उड्डाणानंतरच्या मार्गाचीच परवानगी मिळालेली असताना एका वैमानिकाने ‘आता आम्ही टेक-ऑफला आहोत’ असे संदिग्ध वाक्य उच्चारले आणि नियंत्रकाने आधी ‘ओके’ म्हटले. पाठोपाठ त्याने थांबण्यास सांगितले, पण त्याच क्षणी दुसऱ्या विमानानेही बोलण्याचे बटण दाबल्याने दोन्ही संदेश कर्कश शिटीत विरले. तेव्हापासून ‘टेक-ऑफ’ हा शब्द उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरतात. एरवी ‘डिपार्चर’ म्हणतात.

यासाठीच, वाहिनी बदलल्यावर आधी क्षणभर ऐकावे, वाक्य मनात जुळवावे आणि मगच बटण दाबावे, असे शिकवतात. चित्रपटांतले ‘ओव्हर अँड आउट’ तर मुळातच विसंगत आहे, कारण ‘ओव्हर’ म्हणजे ‘उत्तर द्या’ आणि ‘आउट’ म्हणजे ‘संभाषण संपले, उत्तर नको’.