मदत हवी आहे: यीस्ट प्लास्टिकला चिकटतच नाही!

नमस्कार मंडळी. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी बेकर्स यीस्ट पॉलिस्टायरीनच्या प्लेटला किती चिकटतं, ते क्रिस्टल व्हायोलेट या रंगाने मोजतेय. तीन आठवडे झाले, धुतलं की सगळं वाहून जातं. रंग उरतो तो फक्त माझ्या बोटांवर.

वाचलंय ते असं: चिकटण्याचं मुख्य काम एफएलओ११ या जनुकाचं, त्याचं प्रथिन पेशीभित्तीवर बसतं. ते जनुक चालू करायला एफएलओ८ हे दुसरं जनुक लागतं. आणि आमच्याकडचा यीस्टचा वाण बीवाय४७४१ पडला एस२८८सी या वाणाच्या घराण्यातला! त्या घराण्यात एफएलओ८ मुळातच निकामी आहे, हे १९९६ सालीच दाखवलंय. मग खरं दुखणं हेच का? की यीस्ट वाढवायचं माध्यम चुकतंय? मी २% ग्लुकोज वापरते. ०.१% वर चिकटणं वाढतं म्हणतात, पण ते सिग्मा१२७८बी या वेगळ्या वाणावर पाहिलेलं.

तर आधी ग्लुकोज कमी करून बघू, की एफएलओ८ची धड प्रत प्लाझमिडवरून (पेशीत सोडायच्या छोट्या गोल डीएनएवरून) घालू? सरळ सिग्मा वाणच मागवणं सोपं असेल तर तेही सांगा. सर म्हणतात, "हलक्या हाताने धू." तेही करून झालं.