मदत हवी आहे: लष्कराचा जुना ट्रेलर बार्स्टोहून सॅन होजेला ओढून आणायचाय

रानवाटा

नमस्कार मंडळी,

इथे अमेरिकेत ट्रेलर ओढणारे बरेच जण आहेत हे जुन्या धाग्यांवरून माहीत आहे, म्हणून विचारतोय. अमेरिकी लष्कराच्या निकाली मालाच्या ऑनलाइन लिलावात एक ट्रेलर माझ्या नावावर लागलाय. एम ११०१. हमव्हीच्या (लष्कराच्या रुंद जीपच्या) मागे असतो तोच, अ‍ॅल्युमिनियमच्या बॉडीचा, पोर्टलंडच्या सिल्व्हर ईगल कंपनीचा. रिकाम्याचं वजन १,४०० पौंडांच्या आसपास, भरून ३,४०० पर्यंत चालतो. पैसे भरून झालेत. आता उचलायची मुदत चालू आहे आणि ती टळली की यार्डाचं भाडं चढायला लागणार.

ट्रेलर आहे बार्स्टोला, मोहावी वाळवंटात. मी सॅन होजेत. मधे साधारण पावणेचारशे मैल आणि टेहॅचपीचा घाट.

कशाला हवाय हा प्रश्न येणारच, तर आधीच सांगतो. थोडं कॅम्पिंगसाठी आणि बरंचसं मंडळाच्या गणपतीसाठी. मखर, मांडवाचे पाइप, ती अवाढव्य पातेली, सतरंज्या. दरवर्षी ट्रक भाड्याने घ्यायचा आणि विसर्जनाची मिरवणूक अर्धवट सोडून तो परत करायला धावायचं, ह्याला सगळेच विटलेत.

माझी गाडी टोयोटा टॅकोमा, व्ही-६, टोइंग पॅकेजवाली. कागदावर ओढायची क्षमता ६,४०० पौंड, त्यामुळे वजनाचं टेन्शन नाही. टेन्शन बाकीच्या गोष्टींचं आहे. ट्रेलरचे दिवे २४ व्होल्टचे, माझी गाडी १२ ची. जोडायला गोळा नाही, पुढे भलीमोठी लोखंडी कडी आहे. टायर हमव्हीचे, ३७ इंची, किती वर्षं उन्हात उभे आहेत देव जाणे. आणि नंबर प्लेट नाही.

मुख्य प्रश्न असा की त्याच्याच चाकांवर ओढत आणू की एखाद्या फ्लॅटबेडवाल्याला (सपाट ट्रकवर चढवून आणणाऱ्याला) पैसे देऊन मोकळा होऊ? फ्लॅटबेडचा भाव विचारला तर ट्रेलरच्या किमतीच्या जवळ जातोय, म्हणून जीव होत नाही.

काकडआरती

मला ट्रेलरमधलं काही कळत नाही, पण लष्करी हिरव्या रंगाची वस्तू ड्राइव्ह-वेत उभी राहणार हे तुमच्या एचओएला (वसाहतीच्या घरमालक संघटनेला) कळवलंय का? आमच्याकडे कुंडीचा रंग बदलला तरी पत्र येतं.

आणि साधा प्रश्न: कार वाहून न्यायचा ट्रेलर मिळतो ना भाड्याने, त्यावर हा चढवून आणला तर?

नटबोल्ट

काकडआरती, कल्पना चांगली आहे पण बसणार नाही. एम ११०१ ची रुंदी हमव्हीइतकी, म्हणजे ८६ इंच. भाड्याच्या कार हॉलरला दोन्ही बाजूंच्या मडगार्डांमध्ये ८२-८३ इंच जागा असते. चाकं आतच जात नाहीत. चाकांच्या वर सपाट डेक असलेला मोठा ट्रेलर लागेल, आणि तो ओढायला टॅकोमा नको.

रानवाटा, आता तुमचं. २४ व्होल्टच्या नादी या फेरीत लागू नका. लष्कराचा १२ पिनांचा प्लग, त्यात ब्लॅकआउट दिव्यांची (शत्रूला दिसू नयेत म्हणून असलेल्या मंद दिव्यांची) वेगळी वायर, हे सगळं घरी आल्यावर निवांत करण्याचं काम आहे. आत्ता साध्या चार पिनांच्या प्लगचा, ट्रेलरवर तात्पुरता लावायचा दिव्यांचा सेट घ्या. फक्त एक लक्षात ठेवा. हे सेट बहुतेक चुंबकाचे असतात आणि तुमची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची आहे. चुंबक चिकटणार नाही! स्टीलची पट्टी आणि दोन-चार सी-क्लॅम्प बरोबर ठेवा, नाहीतर वाळवंटात टेपचं रीळ शोधत बसाल. वायर मात्र टेपने आणि झिप टायने नीट बांधा, लोंबकळत राहिली की रस्त्याला घासून तुटते.

कडीला लुनेट म्हणतात, भोक तीन इंची. तिला पिंटल हूक, म्हणजे कडी अडकवून वरून बंद होणारा जाड हूक लागतो. दोन इंची रिसीव्हरमध्ये (गाडीच्या मागच्या चौकोनी खाचेत) बसणारी, वरखाली भोकं असलेली प्लेट मिळते, त्यावर हूक बोल्टने घट्ट करायचा. उंची यार्डात फोन करून मोजून घ्या, कारण हमव्हीचा हूक टॅकोमाच्या रिसीव्हरपेक्षा बराच वर असतो. ट्रेलर नाक खाली करून धावला तर वजन पुढे येतं. आणि कडी हुकात खडखडणार, प्रत्येक ब्रेकला मागून ठोसा बसल्यासारखं वाटेल. ते तसंच असतं, घाबरू नका.

ट्रेलरच्या साखळ्यांचे हूकही लष्करी मापाचे असतात, तुमच्या रिसीव्हरच्या कानांत जाणार नाहीत. दोन चांगल्या शॅकल्स (पिनेने बंद होणाऱ्या कड्या) घेऊन जा. साखळ्या कडीच्या खालून एकमेकींना छेदून लावायच्या.

पण खरा प्रश्न टायरचा आहे. साइडवॉलवर (टायरच्या बाजूवर) डॉट (DOT) अक्षरांनंतर शेवटचे चार आकडे बघा. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ते सांगा, मग बोलू.

निवृत्त_सुभेदार

मी भारतीय लष्कराच्या ईएमईत (गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात) होतो, ट्रेलर पुष्कळ हाताळलेत. तुमचा तो अमेरिकन, आमचे एक टनी, पण उभा राहून राहून ट्रेलर जो बिघडतो तो सगळीकडे सारखाच बिघडतो. गंज आणि ग्रीस, दोनच गोष्टी.

हँडब्रेक वर्षानुवर्षं ओढून ठेवलेला असेल तर शू ड्रमला चिकटलेले असतात. लिव्हर सोडला म्हणजे चाक सुटलं असं नाही. एकेक चाक जॅकवर उचलून हाताने फिरवा. फिरताना कान लावा. कचकच आवाज आला, किंवा वर-खाली धरून हलवल्यावर चाक डुगडुगलं, तर बेअरिंग गेलं. तिथून तसंच निघायचं नाही.

निघाल्यावर पहिल्या दहा मैलांवर थांबा. हाताची उलटी बाजू हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) जवळ न्या, एकदम टेकवू नका. कोमट असेल तर ठीक. दोन्ही हबांत फरक जाणवला तर जास्त गरम असलेल्या बाजूचा ब्रेक धरतोय किंवा ग्रीस वाळलंय. चाकांचे नट तिथेच परत आवळा. मग पन्नास मैलांवर पुन्हा. पुढे प्रत्येक डिझेल-पाण्याच्या थांब्याला.

ह्याला सर्ज ब्रेक असणार. गाडी हळू झाली की ट्रेलर पुढे रेटतो, दांडीतला पिस्टन दाबला जातो आणि ट्रेलरचे ब्रेक लागतात. वायर लागत नाही, हा फायदा. पण घाट उतरताना पाय ब्रेकवर ठेवून बसलात तर ट्रेलरचे ड्रम सतत घासत राहतील. ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. आपल्याकडे कसारा उतरणाऱ्या ट्रकवाल्यांना हे कोणी शिकवावं लागत नाही.

नटबोल्ट

सुभेदार साहेबांना दुजोरा. एकच भर: ब्रेक ऑइल कमी दिसलं म्हणून वाटेतल्या दुकानातलं डॉट ३ ओतू नका. लष्करात सिलिकॉनचं डॉट ५ असतं, रंगाने जांभळं. दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. बाटली घरूनच न्या.

बदामवाली

आमची बदामाची बाग बेकर्सफील्डच्या उत्तरेला, त्यामुळे हा रस्ता पायाखालचा आहे. ट्रेलर मागे असताना कॅलिफोर्नियात ताशी ५५ मैल ही कायद्याची मर्यादा, उजवीकडच्या लेनमध्ये. सगळे ७५ ने जाताहेत म्हणून मोहात पडू नका, त्या टायरवर तर नाहीच.

बार्स्टोहून ५८ नंबर हायवे. क्रेमर जंक्शन, बोरॉन, मोहावी, मग टेहॅचपी. माथा साधारण ४,००० फुटांवर, आणि तिथून बेकर्सफील्डपर्यंत उतरत उतरत ४०० फुटांवर येता. मालट्रक भरपूर असतात. डोंगरभर पवनचक्क्या दिसतील, त्या तिथे का आहेत हे दुपारनंतर कळतं! रिकामा ट्रेलर हलका, वारा त्याला बाजूला ढकलतो. म्हणून आदल्या रात्री बार्स्टोला मुक्काम करा आणि यार्ड उघडल्या उघडल्या हजर राहा. उन्हाळ्यात दुपारी तिथला डांबरी रस्ता जुन्या टायरला मारकच.

बेकर्सफील्डच्या पुढे बहुतेक लोक आय-५ धरतात. तुम्ही ९९ घ्या. वेळ थोडा जास्त जाईल, पण डेलानो, टुलारी, फ्रेस्नो, मडेरा अशी गावं लागत राहतात, टायरवाले आहेत, शेतीचे ट्रेलर दुरुस्त करणारे आहेत. आय-५ वर काही झालं तर दोन एक्झिटच्या मधे तुम्ही आणि तुमचं नशीब. चाउचिलाजवळ १५२ ला वळा, पॅचेको खिंडीतून गिलरॉय, तिथून १०१. पॅचेकोलाही सॅन लुईस जलाशयापाशी वारा झोंबतो.

रानवाटा

एवढं सविस्तर उत्तर अपेक्षितच नव्हतं, सगळ्यांचे आभार. यार्डातला माणूस भला निघाला, फोटो पाठवले त्याने. दोन्ही टायरवर शेवटचे आकडे २३१२. म्हणजे २०१२ चा तेविसावा आठवडा. नक्षी अगदी नव्यासारखी आहे, पण साइडवॉलवर बारीक भेगांची जाळी दिसतेय. चालतील का?

एचओएचं काय करायचं ते ट्रेलर आल्यावर बघू. मंडळाच्या खजिनदारांच्या घरी मोठं आवार आहे, त्यांना अजून सांगितलेलं नाही.

नटबोल्ट

नक्षीवर जाऊ नका राव. मैल झालेच नाहीत म्हणून नक्षी शाबूत, रबर मात्र वयाने गेलंय. ह्या टायरवर मी गावातल्या गावात फिरेन, टेहॅचपी उतरणार नाही. आणि त्याचं माप ३७ x १२.५० आर १६.५. साडेसोळा इंची रिम आता साध्या गाड्यांना येतच नाही, त्यामुळे वाटेत फुटला तर कुठल्याही दुकानात मिळणार नाही.

पण ह्यावर स्वस्तातला तोडगा आहे. हमव्हीच्या चाकाचे आठ बोल्ट साडेसहा इंचांच्या वर्तुळात असतात. शेव्हीच्या आणि डॉजच्या जुन्या पाऊण टनी पिकअपचं माप तेच. भंगारवाल्याकडून १६ इंची दोन स्टीलच्या रिमा घ्या, त्यावर एलटी २३५/८५ आर १६ चे बरे टायर चढवा, तिसरं स्टेपनी म्हणून घेतलंत तर उत्तम. यार्डात चाकं बदला आणि त्यावर घरी या. चाकाचा व्यास पाचेक इंचांनी कमी होतो, म्हणजे ट्रेलर अडीच इंच खाली बसतो आणि तुमच्या हुकाच्या उंचीचं गणितही थोडं सोपं होतं.

आधी खात्री करायच्या तीन गोष्टी. रिमचं मधलं भोक हबवर जातं का, चाक आत ब्रेकला किंवा दांड्याला लागत नाही ना, आणि नटांचा निमुळता भाग रिमच्या भोकात नीट बसतो का. फोटोवरून अर्धंच कळेल, म्हणून यार्डात पोचल्यावर जुनं चाक काढून नवं चढवून हाताने पूर्ण फिरवून बघा, मगच दुसरीकडे वळा.

आणि आता जे लिहितोय ते कृपया दोनदा वाचा. हमव्हीची रिम दोन तुकड्यांची असते, ते तुकडे बाहेरच्या कडेजवळच्या नटांनी एकमेकांना आवळलेले असतात. चाक हबला धरून ठेवणारे नट वेगळे, आतल्या वर्तुळातले आठ. टायरमध्ये हवा असताना बाहेरचे नट सैल केले तर रिमचा तुकडा तोफेच्या गोळ्यासारखा सुटतो, माणसं गेलीत त्याने. फक्त आतले आठ. कोणी उत्साही मदतनीस पाना घेऊन पुढे आला तर त्यालाही आधी दाखवा.

निवृत्त_सुभेदार

बरोबर. आमच्याकडे दोन तुकड्यांच्या रिमचे बाहेरचे नट रंगवून ठेवायचे, कोणी चुकून पाना लावू नये म्हणून. तुम्हीही खडूने खूण करा.

रानवाटा

हे माहीतच नव्हतं, मी तर इम्पॅक्ट रेंच घेऊन जाणार होतो. आता खडू आधी.

शेव्हीच्या तीन रिमा इथेच एका माणसाकडे मिळताहेत, टायर टाकून घेतो. फ्लॅटबेडचा विचार सोडला. आता शेवटचं, कागदपत्रं. लिलाववाले म्हणतात एसएफ-९७ (सरकारी वाहन विकल्याचा दाखला) नंतर पोस्टाने येईल, आणि टायटल, म्हणजे मालकीचा कागद, त्यावरच होणार. मग तोवर रस्त्यावर काय दाखवू?

बदामवाली

डीएमव्हीतून (इथल्या आरटीओतून) एका फेरीचा परवाना घ्या, बार्स्टो ते सॅन होजे लिहून. बरोबर लिलावाची पावती आणि यार्डाचा सोडपत्राचा कागद छापील ठेवा, फोनवर नको, क्रेमर जंक्शनच्या आसपास नेटवर्कचा भरवसा नाही. एसएफ-९७ आलं की ट्रेलरची ओळख तपासून घ्यावी लागते आणि मग कॅलिफोर्नियाची ट्रेलरसाठीची कायमस्वरूपी प्लेट मिळते. त्यामुळे चेसिसवरच्या पट्टीचा फोटो तिथेच काढून ठेवा, चिखल-रंग असेल तर पुसून. कागदावरचा आणि पट्टीवरचा नंबर जुळत नसेल तर यार्ड सोडायच्या आधी बोला.

एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या. तो परवाना रिकाम्या ट्रेलरसाठी असतो. काढलेली हमव्हीची चाकं ट्रेलरमध्ये टाकायचा मोह होईल, पण ती टॅकोमाच्या बेडमध्येच न्या. यार्डात फोर्कलिफ्ट असते, उचलून ठेवायला तिथेच सांगा, घरी उतरवताना मात्र दोन माणसं लागतील.