एडमंड फिट्झजेराल्ड: दोष खलाशांचा की नियम करणाऱ्यांचा?

दर्यावर्दी_७२
१० नोव्हेंबर १९७५. अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या लेक सुपीरियर सरोवरातल्या वादळात ‘एडमंड फिट्झजेराल्ड’ बुडाली, बोटीवरचे सगळे २९ जण गेले. ७२९ फुटांची बोट. १९५८ साली पाण्यात उतरली तेव्हा ग्रेट लेक्सवरची, म्हणजे तिथल्या पाच मोठ्या सरोवरांवरची, सर्वांत मोठी. मालक कोण, तर एक आयुर्विमा कंपनी! पोटात २६ हजार टन टॅकोनाइट, म्हणजे लोहखनिजाच्या गोळ्या.

अमेरिकन तटरक्षक दलाचा १९७७ चा अहवाल म्हणतो, हॅचची, म्हणजे माल भरायच्या डेकवरच्या तोंडांची, झाकणं नीट बंद नव्हती, तिथून पाणी शिरलं. कशावरून? तळाशी काढलेल्या फोटोंत झाकणं आवळायचे बरेचसे क्लॅम्प धड दिसले; लावलेले असते तर वाकले-तुटले असते, म्हणजे ते लावलेच नसणार. मेलेले खलाशी थोडेच उत्तर द्यायला येणार होते! आणि याच दलाने १९६९ ते १९७३ मध्ये तीनदा नियम सैल करून ही बोट सव्वातीन फूट जास्त खोल भरू दिली, त्याचं काय? डेक पाण्याच्या इतकं जवळ आलं की लाटा झाकणांवर चढणारच. परवानगी देणारे तेच, चौकशी करणारेही तेच.

चीफमेट_रत्नागिरी
साफ असहमत. मागून ‘आर्थर अँडरसन’ ही दुसरी बोट येत होती. तेच वादळ, तेच नियम. ती सुखरूप पोचली, वर त्याच रात्री शोधायला परत बाहेर पडली. मग कमी फ्रीबोर्डने (म्हणजे डेकच्या पाण्यावरच्या कमी उंचीने) एकीलाच कसं बुडवलं?

फिट्झजेराल्डचा कॅप्टन मॅकसॉर्ली याने दुपारी साडेतीनच्या सुमारास रेडिओवर सांगितलं: रेलिंग पडलंय, दोन व्हेंट (टाक्यांच्या हवेचे पाइप) गेलेत, बोट कललीय, पंप चालू आहेत. पुढे रडारही गेले. क्लॅम्प ढिले राहिल्याने व्हेंट तुटत नाहीत हो. कॅरिबू बेटाजवळच्या उथळ खडकांना बोट घासली, असंच अँडरसनच्या कॅप्टनचं मत होतं.

दर्यावर्दी_७२
जहाजवाल्यांच्या संघटनेचंही तेच मत होतं. झाकणं कुचकामी हे ते कशाला कबूल करतील? बोटीचे दोन तुकडे झालेत; मागचा अर्धा भाग सरोवराच्या तळाशी उपडा पडलाय, त्यावर घासल्याची खूण नाही.

चीफमेट_रत्नागिरी
आणि पुढचा अर्धा चिखलात रुतलाय. त्याचा तळ कोणी पाहिला? १९७६ च्या कॅनडाच्या सर्वेक्षणात ती उथळ जागा नकाशातल्यापेक्षा मैलभर पूर्वेला पसरलेली निघाली.

अपर्णा_मि
१९७८ चा दुसरा सरकारी अहवाल कसा विसरलात दोघंही? त्यात म्हटलंय, लाटांच्या माऱ्याने झाकण कोसळलं आणि एकदम पाणी शिरलं. तिथेही एक सदस्य फुटला, त्याचं मत खडकाच्या बाजूने. मला विचाराल तर मालाच्या पोटात जलरोधक आडभिंती नव्हत्या, हे सगळ्यांत वाईट. पाणी कुठूनही शिरो, ते सगळीकडे पसरणार.

दर्यावर्दी_७२
भगदाड पडलं होतं, तर संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांच्या सुमारास कॅप्टन ‘तग धरून आहोत’ असं का म्हणाला? त्यानंतर काही मिनिटांत बोट रडारवरून नाहीशी झाली. हे अचानक झाकण कोसळल्यासारखं नाही वाटत?

चीफमेट_रत्नागिरी
तसं म्हणाला, कारण पोटात किती पाणी साचलंय हे कळायची सोयच नव्हती. खालची खोली मोजायचं यंत्रही नव्हतं. नियमाने सक्ती नव्हती हे मान्य, पण बसवायला मालकाला अडवलं कोणी होतं? सगळं खापर सरकारवर फोडलंत की मालक अलगद सुटतो, तुमचं तेच चाललंय.