कलाकृतीमागच्या माणसांची नोंद : कोणती डेटा स्ट्रक्चर आधी शिकावीत?

प्रश्न
एखादी कलाकृती घडवण्यात कोणाकोणाचा हात असतो, याच्या नोंदी मला संगणकावर मांडायच्या आहेत. समाजशास्त्र हा माझा विषय; प्रोग्रॅमिंगमध्ये ॲरेपर्यंतच (ओळीने साठवलेली यादी) मजल गेली आहे. चित्रकाराला मुळाशी ठेवून इतरांना ट्रीमध्ये (एका मुळापासून फांद्या फुटत जाणारी मांडणी) बसवू लागलो, तर एकच मुद्रक चार चित्रकारांकडे आढळला आणि मांडणी कोलमडली. पुढे कोणती डेटा स्ट्रक्चर (माहिती साठवण्याच्या रचना) शिकावीत, काय वाचावे?

प्रतिसाद १
ट्री सोडा आणि ग्राफ शिका, म्हणजे बिंदू (नोड) आणि त्यांना जोडणारे दुवे यांची मांडणी. ट्रीमध्ये मूळ वगळता प्रत्येक नोडला एकच पालक असतो, त्यामुळे तुमचा मुद्रक तिथे मावणारच नाही. शिवाय चित्रकाराला मुळाशी बसवले, की कला ही एकट्याची निर्मिती आहे हे आपण तपासण्याआधीच मान्य करून टाकतो. समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकर यांनी ‘आर्ट वर्ल्ड्स’ (१९८२) या ग्रंथात नेमकी हीच समजूत खोडून काढली आहे. निदान पहिली दोन प्रकरणे वाचावीत.

व्यक्ती आणि कलाकृती असे दोन प्रकारचे नोड ठेवा व दुव्यावर भूमिका लिहा. माणसे परस्परांना थेट जोडू नका. तिघांनी मिळून एक चित्र केले काय, किंवा दोघादोघांनी मिळून तीन चित्रे केली काय, थेट जोडणीत दोन्हींचा त्रिकोणच दिसतो आणि सहकार्याचे स्वरूप हरवते.

प्रतिसाद २
साठवणीबद्दल थोडेसे. ५,००० नोडसाठी कोण कोणाशी जोडलेला हे दाखवणारा चौरस तक्ता केल्यास २.५ कोटी घरे लागतील आणि त्यांतील बहुतेक रिकामी राहतील. प्रत्येक नोडला सरासरी २० दुवे असतील, तर शेजाऱ्यांच्या याद्यांत केवळ १ लाख नोंदी होतात. या याद्या डिक्शनरीत (किल्ली दिली की तिची नोंद थेट देणारी रचना) ठेवा, म्हणजे शोधताना अख्खा ॲरे चाळावा लागणार नाही. किल्ली म्हणून नाव नको, क्रमांक द्या. नावे लोक तऱ्हेतऱ्हेने लिहितात. दोन व्यक्तींमधील सर्वांत जवळची वाट शोधताना क्यू (आधी आलेले आधी बाहेर काढणारी रांग) लागेल, तेव्हा ते त्यानंतर लगेच शिकावे.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. पण सहभागींची यादी थांबवायची कुठे?

प्रतिसाद १
बेकर सुरुवातच कादंबरीकार ट्रोलप यांच्या मोतद्दारापासून करतात, जो वर्षाला ५ पौंड जादा घेऊन त्यांना पहाटे कॉफी देऊन उठवत असे. अशा माणसालाही नोड द्या आणि दुव्यावर ‘पहाटे उठवणे’ असे लिहा. विश्लेषणाच्या वेळी ती भूमिका गाळता येते. मुळात नोंदलेलीच नसेल, तर ती गाळावी की नाही हा प्रश्नही कुणाला पडणार नाही.